असॉल्ट रायफल नेमकी कशाला म्हणायचं? पाच अडलेल्या रायफली आणि वर्गीकरणाचे निकष

चकमक :
लष्करी रायफलींची मराठी सूची करायला घेतली आहे. प्रत्येक नावापुढे एकच वर्ग लिहायचा असं ठरवलं होतं: अर्धस्वयंचलित, बॅटल रायफल, असॉल्ट रायफल, कार्बाइन, ऑटोमॅटिक रायफल, लाइट मशीनगन. बऱ्याच नोंदी बिनतक्रार बसल्या. एम१ गॅरंड (१९३६, .३०-०६ काडतूस, ८ गोळ्यांची क्लिप) अर्धस्वयंचलित, एके-४७ असॉल्ट, एफएन एफएएल बॅटल. पुढच्या पाच मात्र कुठल्याच कप्प्यात राहायला तयार नाहीत.

१) एसकेएस (१९४५): काडतूस एके-४७ चंच, ७.६२×३९ मिमी. पण चाप एकदा ओढला की गोळी एकच.
२) एम१४ (१९५७): ७.६२×५१ मिमी. स्वयंचलित मारा करता येतो, पण बहुतेक रायफली सिलेक्टर (माऱ्याची पद्धत निवडायची कळ) अडवूनच सैनिकांच्या हाती दिल्या गेल्या.
३) एम२ कार्बाइन: निवडक मारा (एका चापाला एकच गोळी की अनेक, हे निवडता येतं), ३० गोळ्यांचं मॅगझीन, हलकी. काडतूस .३० कार्बाइन.
४) फेदोरोव अव्तोमात (१९१६): निवडक मारा, २५ गोळ्या, जपानी ६.५ मिमी काडतूस.
५) एम२७: दिसायला आणि चालवायला रायफल, नाव मात्र ‘इन्फंट्री ऑटोमॅटिक रायफल’.

पहिला निकष कोणता धरावा? काडतूस, माऱ्याची पद्धत, आतली यंत्रणा, की पलटणीतलं काम?

अभ्रक :
काडतूस. असॉल्ट रायफल हा प्रकार जन्माला आला तोच काडतुसामुळे. जर्मनांनी ७.९२×५७ ची पुंगळी आखूड करून ७.९२×३३ कुर्झ केलं: ८.१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साधारण ६८५ मीटर, ऊर्जा १,९०० ज्यूलच्या आसपास. आधी एमपी४३, मग एमपी४४ आणि १९४४ मध्ये श्टुर्मगेव्हेर ४४. नाव दोनदा बदललं, काडतूस तेच राहिलं.

नळीच्या तोंडाशी किती ऊर्जा असते ते ओळीने लावून पाहा. ९×१९ पिस्तुलाचं काडतूस ५०० ज्यूल, ५.४५×३९ सुमारे १,४००, ५.५६×४५ सुमारे १,७५०, ७.६२×३९ सुमारे २,०००, ७.६२×५१ सुमारे ३,३५०. खालच्या टोकाला सबमशीनगन, वरच्या टोकाला बॅटल रायफल आणि मधला पट्टा असॉल्ट रायफलीचा. हा क्रम लावला की निम्मं वर्गीकरण आपोआप होतं.

लोहगोल :
अभ्रकताई, निम्मंच होतं, हे तुमच्याच एसकेएसवरून दिसतं. काडतूस मधल्या पट्ट्यातलं, तरी तिला कोणी असॉल्ट रायफल म्हणत नाही. अमेरिकी लष्कराच्या १९७० च्या व्याख्येत दोन अटी एकत्र आहेत: मधल्या ताकदीचं काडतूस आणि निवडक मारा. शिवाय आखूड आणि सुटसुटीत हवी. एक अट गळाली की नाव गळालं. म्हणून पहिली चाळणी माऱ्याच्या पद्धतीची लावा, काडतूस दुसऱ्या चाळणीत.

मृगनक्षत्र :
चाळणी लावण्याआधी शब्द तरी नीट करून घेऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे फक्त ‘पुढची गोळी आपणहून भरणारं’. .४५ एसीपी या काडतुसाच्या नावातला ‘ए’ ऑटोमॅटिकचाच आहे आणि ते कोल्ट पिस्तूल एका चापाला एकच गोळी झाडतं. वर्तमानपत्रांतली ‘ऑटोमॅटिक पिस्तुलं’ तिथूनच आली आणि पुढे मराठीत त्यांचं ‘स्वयंचलित’ झालं. बातमीत ‘स्वयंचलित पिस्तूल’ वाचलं की ते जवळजवळ नेहमीच अर्धस्वयंचलित असतं.

‘एसएलआर’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. सेल्फ लोडिंग रायफल: स्वतः भरते, स्वतः झाडत नाही.

दुसरा गोंधळ आपल्याच भाषेतला. ‘घोडा’ म्हणजे बोटाने ओढायचा भाग की काडतुसाला ठोका देणाऱ्या पिनवर आदळणारा भाग? जुन्या ठासणीच्या बंदुकीत वर उभा केला जायचा तो घोडा, म्हणजे हॅमर. पुढे ‘घोडा दाबला’ हे ट्रिगरसाठीही रूढ झालं. सूचीत ट्रिगरला ‘चाप’ आणि हॅमरला ‘हॅमर’ लिहावं, म्हणजे वाचणारा अडखळणार नाही.

चकमक :
मृगनक्षत्र, मान्य. चाप आणि हॅमर. यापुढे सगळ्यांनी तेच वापरू या.

पोलादी :
मग चाप आणि हॅमर यांच्या मधल्या भागाबद्दल बोलू, कारण ‘अर्ध’ आणि ‘पूर्ण’ यांतला फरक तिथेच आहे.

अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटते, बोल्ट (चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मागून बंद करणारा भाग) मागे येतो आणि येताना हॅमरला खाली दाबतो. बोट अजून चापावरच असतं. अशा वेळी हॅमरला धरून ठेवणारा छोटा आकडा म्हणजे डिस्कनेक्टर. बोट सैल केलं की डिस्कनेक्टर हॅमर सोडतो आणि चापाचं नाक त्याला झेलतं. या हस्तांतराचा ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, बोटालाही जाणवतो.

हत्यार साफ करून जोडल्यावरची तपासणी याच आवाजावर चालते. मॅगझीन काढायचं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करायची. कॉकिंग हँडल ओढून सोडायचं. सिलेक्टर ‘सेफ’वर ठेवून चाप ओढायचा, हॅमर पडता कामा नये. मग ‘सिंगल’वर: चाप ओढून धरायचा, हॅमर पडला पाहिजे. चाप तसाच धरून हँडल पुन्हा ओढून सोडायचं, या वेळी हॅमर पडता कामा नये. आता चाप सावकाश सोडायचा, ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. परत ओढला की हॅमर पडला पाहिजे. यातली एकही पायरी चुकली तर हत्यार आर्मररकडे. डिस्कनेक्टरची कड झिजली किंवा त्याची स्प्रिंग मऊ पडली की ‘सिंगल’वर दोन गोळ्या जातात. दुसरी गोळी नळी वर उचललेली असताना सुटते, म्हणून हा दोष लहान समजायचा नाही.

वाटसरू :
घोड्याला लगाम म्हणजे डिस्कनेक्टर! (हॅमर लिहायचं ठरलंय, पण हे सुचल्यावर राहवलं नाही.)

पोलादी :
वाटसरू, उपमा चपखल आहे. आता पूर्ण स्वयंचलित. लोकांना वाटतं, डिस्कनेक्टर नसला की झाली स्वयंचलित. तसं नाही. हॅमर बोल्टच्या पाठोपाठ सरकत पुढे आला तर पिनवरचा फटका दुबळा पडतो, किंवा बोल्ट पुरता कुलूपबंद होण्याआधीच पडतो. लष्करी रायफलीत म्हणूनच एक वेगळा सिअर असतो. बोल्ट पूर्ण बंद होईपर्यंत तो हॅमरला रोखून धरतो आणि कॅरिअर (बोल्टला सोबत घेऊन सरकणारा भाग) शेवटच्या टप्प्यात आला की सोडतो. म्हणजे स्वयंचलित मारा ही वेळ साधणारी जादा यंत्रणा आहे. वर्गीकरणात तिला वेगळं स्थान मिळायला हवं ते याचसाठी.

कॅरिअर पुढे आदळून किंचित उसळतो, ही दुसरी अडचण. मिनिटाला ७००-८०० च्या गतीत त्याच क्षणी हॅमर पडला तर प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटत नाही, नुसती हलकी खूण उमटते. एम१६ मध्ये यावर उपाय बफरमध्ये (कॅरिअरचा धक्का मागून झेलणाऱ्या भागात) आहे: आत सुटी वजनं असतात, ती क्षणभर उशिरा पुढे येऊन आदळतात आणि उसळी मारून टाकतात. एकेएममध्ये (१९५९) चापाच्या संचात हॅमरला क्षणभर अडवणारा भाग घातला. बरेच जण त्याला ‘मारा मंदावणारा’ भाग म्हणतात. त्याने वेग थोडा उतरतो हे खरं, पण मुख्य काम कॅरिअर स्थिरावू देणं.

लोहगोल :
माझा मुद्दा हाच. सिअर आहे की नाही, यावरून पहिला भेद करा.

गारगोटी :
लोहगोलदादा, मग ‘बर्स्ट’ कुठे टाकणार? एम१६ए२ आणि मूळ एम४ मध्ये सिलेक्टर सेफ, सिंगल आणि तीन गोळ्यांची फैर असा आहे. पूर्ण स्वयंचलित नाहीच. इन्सासमध्येही तीन गोळ्यांचीच फैर आहे. या असॉल्ट रायफली की नाहीत?

एम१६ए२ ची फैर मोजायची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. हॅमरच्या बाजूला एक दातेरी चाक असतं. प्रत्येक गोळीला ते एक दाता पुढे सरकतं आणि तिसऱ्या दात्याला खोल खाच येते. तिथे बर्स्टचा डिस्कनेक्टर हॅमरला अडवतो. हे चाक मूळ जागी परतत नाही. दोन गोळ्या सुटल्यावर बोट काढलं तर पुढच्या वेळी एकच गोळी जाते, कारण मोजणी तिथूनच सुरू होते. आणि सिलेक्टर ‘सिंगल’वर असतानाही चाक फिरतच असतं, त्यामुळे चापाचा जोर दर गोळीला वेगळा लागतो. अचूक नेम धरणाऱ्याला हे फार खटकतं. हेकलर अँड कोखच्या बर्स्ट संचात चाप सोडला की मोजणी शून्यावर येते, ती रचना उजवी. अमेरिकी भूदलाने २०१४ पासून एम४ ला एम४ए१ करून पूर्ण स्वयंचलित मारा परत आणला, त्यामागे चापाचं हे असमान वागणंही होतं.

अभ्रक :
बर्स्टचा मूळ हेतू वेगळाच होता, तो जर्मन जी११ आणि रशियन एएन-९४ मध्ये नीट दिसतो. जी११ तीन गोळ्या मिनिटाला २,००० हून जास्त वेगाने सोडते, एएन-९४ दोन गोळ्या १,८०० च्या वेगाने. धक्का खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी गोळ्या नळीबाहेर पडलेल्या असतात, म्हणून त्या जवळजवळ पडतात. एम१६ए२ ची फैर नेहमीच्याच वेगाने जाते. ती फक्त दारूगोळा वाचवते, नेम सुधारत नाही.

लोहगोल :
गारगोटी, व्याख्येतला शब्द ‘निवडक मारा’ आहे, ‘पूर्ण स्वयंचलित’ नाही. एका चापाला एकाहून जास्त गोळ्या जाण्याची सोय असली की झालं. बर्स्टवाल्या आत.

वाटसरू :
आणि सिलेक्टरच नसेल तर? स्टायर एयूजीमध्ये (१९७७) बाजूला फक्त आडवी सेफ्टी आहे. चाप अर्धा ओढला की एक गोळी, पूर्ण ओढला की सलग.

लोहगोल :
तीही निवडक. निवड बोटात आहे, कळीत नाही.

नीलम_शिळा :
मी एम१४ बद्दल लिहिते. तिचं कोडं सुटलं की बाकीची सोपी आहेत.

७.६२×५१ चं काडतूस ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटरने फेकतं. रायफल रिकामी साडेचार किलोच्या आत आणि स्वयंचलित माऱ्याचा वेग मिनिटाला ७०० च्या पुढे. दस्ता नळीच्या रेषेखाली उतरता असल्याने प्रत्येक धक्का नळी वर उचलतो. पहिली गोळी लक्ष्यावर, दुसरी त्याच्या डोक्यावरून, तिसरी आकाशात. २० गोळ्यांचं मॅगझीन पावणेदोन सेकंदांत संपतं. म्हणूनच सिलेक्टरच्या जागी नुसतं कुलूप बसवून रायफल दिली गेली.

एफएएलची गोष्टही हीच. ब्रिटिशांनी एल१ए१ या आपल्या एफएएलमधून स्वयंचलित मारा मुळातच वगळला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात दोन्ही बाजूंकडे एफएएल होती. अर्जेंटिनाची स्वयंचलित मारा करणारी मेट्रिक रायफल, ब्रिटिशांची फक्त सिंगल मारणारी इंच मापाची. मेट्रिक मॅगझीन इंचवालीत बसतं, उलटं बसत नाही, कारण इंचवाल्याच्या पुढचा खुंटा मोठा आहे. काडतूस एक, यंत्रणा एक, घराणं एक. तुमच्या सूचीत मात्र या दोन वेगळ्या ओळी होणार.

‘बॅटल रायफल’ या नावाबद्दलही एक सांगते. ते बरंच नंतर रुजलं. असॉल्ट रायफली आल्यावर मोठ्या काडतुसाच्या रायफलींना काहीतरी वेगळं म्हणायला हवं होतं, म्हणून ते आलं. त्यात निवडक माऱ्याची अट कोणी पाळतं, कोणी पाळत नाही. एम१४ बॅटल रायफल, कुलूप असो वा नसो. एल१ए१ ही बॅटल रायफल.

गारगोटी :
नीलमताई, कुलूप काढता येतं आणि सिलेक्टर परत बसवता येतो, हे कायद्याच्या नजरेत फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यात मशीनगन म्हणजे चापाच्या एका क्रियेने हाताने न भरता एकाहून जास्त गोळ्या झाडणारं हत्यार. त्यासाठी घडवलेलं किंवा सहज पूर्ववत करता येणारं हत्यारही त्यातच येतं. म्हणून कुलूपबंद एम१४ तिथे मशीनगनच.

आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची भाषा आणखी चित्रदर्शी आहे: चापावर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना असलेलं हत्यार प्रतिबंधित. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशात स्वयंचलित हत्यारं ‘ए’ वर्गात आहेत. स्वयंचलितवरून अर्धस्वयंचलित केलेलीसुद्धा ‘ए’ मध्येच राहतात. लांब अर्धस्वयंचलित सेंटरफायर बंदुकीला १० हून जास्त गोळ्यांचं मॅगझीन लागलं की तीही ‘ए’ मध्ये जाते.

म्हणजे एकाच रायफलीचा वर्ग मॅगझीन बदलल्याने बदलतो. लष्करी वर्गीकरणात हे कधीच होत नाही. कायद्याचे वर्ग सूचीत आणू नका, फक्त तळटीप द्या. आणि ‘असॉल्ट वेपन’ला ‘असॉल्ट रायफल’ समजू नका. पहिला शब्द अमेरिकी कायद्यातला, १९९४ ते २००४ च्या बंदीतला. त्यात अर्धस्वयंचलित हत्यारांची बाह्य अंगं मोजली जायची: घडीचा दस्ता, पिस्तुली मूठ, संगिनीचा खुंटा.

मृगनक्षत्र :
‘चापाची एक क्रिया’ या शब्दांवर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गार्लंड विरुद्ध कारगिल हा खटला निकाली निघाला. बंप स्टॉक (धक्क्याने रायफल मागेपुढे सरकून चाप पटापट दाबला जाईल असा दस्ता) लावलेली रायफल मशीनगन नाही, कारण प्रत्येक गोळीला चाप नव्याने मूळ जागी येऊन पुन्हा दाबला जातो, असं ६ विरुद्ध ३ ठरलं. पोलादींनी वर लिहिलेला डिस्कनेक्टरचा ‘टक्’ तिथपर्यंत पोहोचला म्हणायचा.

चकमक :
कायद्याची तळटीप, ठरलं. यंत्रणेवर कोणीच बोललं नाही. गॅस, ब्लोबॅक (पुंगळीच्याच धक्क्याने बोल्ट मागे ढकलला जाणं) वगैरे वर्ग लिहायचे की सोडायचे?

लोहगोल :
लिहा, पण वर्ग म्हणून नको, गुणधर्म म्हणून. लाँग स्ट्रोक गॅस (पिस्टन बोल्टसोबत शेवटपर्यंत मागे जातो): गॅरंड, एके. शॉर्ट स्ट्रोक (पिस्टन थोडाच सरकून धक्का देतो): एफएएल, एआर-१८, एसए८०, जी३६, एचके४१६. डायरेक्ट इंपिंजमेंट: ल्युंगमान, मास-४९, एम१६. रोलर-डिलेड: जी३. लिव्हर-डिलेड (तरफ बोल्टचं उघडणं लांबवते): फामास.

पोलादी :
एम१६ तिथून काढा. ल्युंगमान आणि मास-४९ मध्ये नळीतला गॅस एका पाइपने येतो आणि कॅरिअरच्या तोंडावर फुंकर मारतो. ते खरं डायरेक्ट. एम१६ च्या, म्हणजे यूजीन स्टोनरच्या, रचनेत गॅस कॅरिअरच्या वरच्या ‘गॅस की’ या छोट्या नळीतून आत शिरतो आणि बोल्टचं शेपूट व कॅरिअर यांच्या मधल्या पोकळीत फुगतो. कॅरिअर मागे ढकलला जातो, बोल्ट पुढे. म्हणजे बोल्ट हाच पिस्टन आणि कॅरिअर हा सिलिंडर. काम झालेला गॅस कॅरिअरच्या उजव्या बाजूच्या दोन भोकांतून बाहेर पडतो.

पिस्टन असल्याचा पुरावा बोल्टवरच्या तीन गॅस रिंगा. त्या झिजल्यात का, हे पाहायला बोल्ट कॅरिअरमधून पूर्ण पुढे ओढायचा आणि संच बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करायचा. कॅरिअर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदलायच्या. जागच्या जागी राहिला तर चालतील.

गारगोटी :
रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या तर गॅस गळून रायफल अडकते, हे खरं का?

पोलादी :
हत्यार पुस्तिका फटी वेगवेगळ्या दिशेला ठेवायला सांगतात, तसं ठेवावं. पण सुस्थितीतल्या तीन रिंगांमध्ये नुसत्या फटी जुळल्याने हत्यार थांबलं तर दुसरीकडे काहीतरी बिघडलंय असं समजून शोधावं. गॅस की सैल झाली आहे का, ते आधी बघा. तिच्या दोन स्क्रूंच्या कडेने काजळी पाझरलेली दिसली की गळती तिथेच.

एम१६ व्हिएतनाममध्ये अडकायची, त्याला ‘गॅस आत सोडणारी यंत्रणा’ जबाबदार असं सरसकट लिहिलं जातं. कारणं एकात एक गुंतलेली होती. काडतुसातली दारू बदलून बॉल पावडर वापरली गेली, तिने काजळी आणि माऱ्याचा वेग दोन्ही वाढले. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ते गंजून खडबडीत व्हायचं आणि पुंगळी चिकटून बसायची. साफसफाईचं सामान सगळ्यांना मिळालं नव्हतं. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) पुंगळीची कड फाडून मागे यायचा आणि पुंगळी आतच राहायची. मग नळीच्या पुढून सळई घालून ती ठोकून काढावी लागे. एम१६ए१ (१९६७) मध्ये चेंबरला क्रोम आलं, नवा बफर आला, सामान आलं आणि तक्रारी ओसरल्या.

नीलम_शिळा :
एफएएलचा गॅस रेग्युलेटर हा त्याचा उलटा नमुना, तिथे गॅस किती घ्यायचा ते माणूस ठरवतो. रेग्युलेटर उघडा असेल तितका गॅस बाहेर जातो, बंद असेल तितका पिस्टनवर. मेट्रिक एफएएलवर जुळवणी अशी: रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवायचा आणि मॅगझीनमध्ये एकच गोळी भरून ती झाडायची. बोल्ट मागे अडकला नाही तर एक खूण बंद करून पुन्हा एक गोळी. ज्या खुणेवर बोल्ट पहिल्यांदा मागे अडकतो तिथून आणखी दोन खुणा बंद करायच्या. या दोन खुणा धूळ आणि काजळीसाठी राखलेल्या. आळसाने थेट पूर्ण बंद करून ठेवलं तर रायफल चालते, पण पुंगळ्या लांब फेकल्या जातात, त्यांच्या कडा चेपतात, धक्का वाढतो आणि सुटे भाग लवकर तुटतात.

गारगोटी :
जी३ ला रेग्युलेटरच नाही, कारण गॅसचा पिस्टन नाही. दोन रोलर बोल्टहेडच्या बाजूंना बाहेर येतात आणि उघडणं लांबवतात. तिथे मोजायची गोष्ट वेगळी: मॅगझीन काढून, चेंबर रिकामं पाहून, बोल्ट बंद असताना बोल्टहेड आणि कॅरिअर यांतली फट फीलर गेजने मोजायची. ०.१० ते ०.५० मिमी हवी. त्याखाली गेली तर मोठ्या मापाचे रोलर घालतात. चेंबरमध्ये उभ्या खाचा असतात, त्यांतून गॅस पुंगळीभोवती जातो म्हणून ती चिकटत नाही. जी३ ची झाडलेली पुंगळी हातात घेतली की काळ्या उभ्या रेघांवरून लगेच ओळखू येते.

चकमक :
हे इतकं बारीक आहे की यंत्रणेला स्वतंत्र रकाना दिलाच पाहिजे. पण मूळ प्रश्न शिल्लक आहे. एम२, फेदोरोव आणि एम२७ चं काय?

अभ्रक :
एम२ कार्बाइन. .३० कार्बाइनची ७.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६०७ मीटरने जाते, म्हणजे १,३०० ज्यूल. ५.४५×३९ पेक्षा फक्त थोडी कमी. माझ्याच क्रमाने ती मधल्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर येते, आणि इथे मला माझं वरचं म्हणणं दुरुस्त केलं पाहिजे. नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा पुरेशी नाही. ही गोळी आखूड आणि गोल तोंडाची, हवेत वेग झपाट्याने गमावते. ३०० मीटरवर तिच्यात ९ मिमी पिस्तुलाच्या नळीतोंडच्या ऊर्जेइतकंही बळ उरत नाही. ५.४५ ची लांब टोकदार गोळी तिथे जोमात असते. म्हणून काडतुसाचा वर्ग ठरवताना ३०० मीटरवरचं बळही पाहायला हवं. त्या कसोटीवर एम२ निवडक माऱ्याची कार्बाइन राहते, असॉल्ट रायफल होत नाही.

लोहगोल :
अभ्रकताई, हे पटलं. आणि मीही एक पाऊल मागे घेतो. माऱ्याची पद्धत पहिली धरली तर एल१ए१ आणि एसकेएस एका कप्प्यात येतात. एक ३,३५० ज्यूलची, दुसरी २,००० ची. तो कप्पा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

मृगनक्षत्र :
एम२७ पलटणीतल्या कामावरून बघा. ऑटोमॅटिक रायफल हे नाव ब्राउनिंगच्या एम१९१८ पासून चालत आलं: .३०-०६, २० गोळ्या, उघड्या बोल्टवरून मारा. एम१९१८ए२ मध्ये तर सिंगल मारा काढूनच टाकला आणि दोन वेगांचा स्वयंचलित मारा ठेवला. काम एकच: गटाला आडोसा देणारा सलग मारा. एम२७ एचके४१६ च्या घराण्यातली, बंद बोल्टवरून मारणारी, ३० गोळ्यांची. अमेरिकी मरीन कोअरने ती आधी एम२४९ या लाइट मशीनगनच्या जागी आणली आणि नंतर पायदळाच्या प्रत्येक रायफलधाऱ्याला दिली. हत्यार तेच, काम बदललं. अशा वेळी नावावरून वर्ग ठरवणं चूक.

वाटसरू :
उघडा बोल्ट, बंद बोल्ट याने वर्ग बदलतो का?

पोलादी :
वर्ग नाही, पण काम कळतं. बंद बोल्टमध्ये गोळी आधीच चेंबरमध्ये बसलेली असते, नेम चांगला लागतो. मात्र नळी तापली की तीच गोळी उष्णतेने आपोआप सुटू शकते. उघड्या बोल्टमध्ये मारा थांबला की चेंबर रिकामं राहतं आणि हवा खेळते. म्हणून बहुतेक मशीनगन उघड्या बोल्टवर असतात. एफजी ४२ ने दोन्ही साधलं: सिंगलवर बंद बोल्ट, स्वयंचलितवर उघडा. आरपीके म्हणजे लांब, जाड नळीची एकेएम. मॅगझीन ४० चं किंवा ७५ चा ड्रम, पण नळी बदलता येत नाही. नाव लाइट मशीनगन असलं तरी एम२४९ सारखा लांबलचक मारा तिला झेपत नाही. एम४ सुद्धा चक्रगतीने (न थांबता मारा धरला तर यंत्रणेचा जो वेग, त्याने) मिनिटाला ७०० हून जास्त मारते, पण सतत मारायचं तर पुस्तिका १२ ते १५ गोळ्या प्रति मिनिट सांगते. सूचीत चक्रगती लिहिलीत तर शेजारी हाही आकडा लिहा. नुसता पहिला वाचून लोकांचा फार चुकीचा समज होतो.

नीलम_शिळा :
नव्या एम७ साठी जागा मोकळी ठेवा. २०२२ मध्ये निवडलेली, ६.८×५१ काडतूस, युद्धाच्या गोळीला दाब ८०,००० पीएसआय, २० गोळ्यांचं मॅगझीन, निवडक मारा. काडतूस बॅटल रायफलीचं, जागा घेते एम४ ची.

चकमक :
सूची बदलली. ‘वर्ग’ हा एक रकाना काढला आणि चार केले: काडतूस (नळीतोंडची ऊर्जा आणि ३०० मीटरवरचं बळ), मारा, यंत्रणा, काम. ‘असॉल्ट रायफल’ हा शब्द पहिले दोन रकाने जुळले तरच शेरा म्हणून येईल.

एसकेएस: मध्यम, अर्धस्वयंचलित, शॉर्ट स्ट्रोक, पायदळी रायफल. एम१४: पूर्ण क्षमतेचं, निवडक (बहुतेक अडवलेली), गॅस, पायदळी रायफल. एम२: कार्बाइन काडतूस, निवडक, शॉर्ट स्ट्रोक, हलकं हत्यार. एम२७: मध्यम, निवडक, शॉर्ट स्ट्रोक. कामापुढे दोन नोंदी, आधी गटाचा सलग मारा, नंतर पायदळी रायफल. फेदोरोव: पूर्ण क्षमतेचं, निवडक, शॉर्ट रिकॉइल (धक्क्याने नळी आणि बोल्ट एकत्र थोडे मागे येतात), काम ऑटोमॅटिक रायफल.

अभ्रक :
फेदोरोवपुढे ‘पूर्ण क्षमतेचं’ लिहिलंत, त्याला माझा आक्षेप राहील. ते काडतूस जपानी पायदळाचं नेहमीचंच होतं हे खरं. पण फेदोरोवने आपल्या रायफलीसाठी आधी स्वतःचं ६.५ मिमी काडतूस आखलं होतं. युद्धामुळे ते मागे पडलं आणि सौम्य म्हणून जपानी निवडलं गेलं. हलक्या धक्क्याचा विचार तिथे स्पष्ट आहे.

लोहगोल :
विचार होता, पण काडतूस त्या विचाराने घडवलेलं नव्हतं. कुर्झ आणि ७.६२×३९ मुद्दाम त्यासाठी केली गेली. साधारण ३,२०० फेदोरोव बनल्या, त्या सगळ्या तयार रायफल काडतुसावर. चकमकरावांनी लिहिलंय ते तसंच राहू द्या.

चकमक :
अभ्रकताईंचा आक्षेप त्याच नोंदीखाली छापतो.

नीलम_शिळा :
एम१४ च्या ओळीखाली एम१४ए१ वेगळी टाका. सरळ रेषेतला दस्ता, पिस्तुली मूठ, पुढे घडीची मूठ आणि दोन पाय. सिलेक्टर तिथे अडवलेला नाही, आणि कामाच्या रकान्यात ‘ऑटोमॅटिक रायफल’ येईल.